कॅसेटवरचं अंतराळ

एका जुन्या पियानोच्या जाडजूड तारा. त्यांवरून एक माणूस आईच्या घराची किल्ली खर्रर्र करत ओढतोय. त्या आवाजातून काय तयार झालं असेल? काळातून प्रवास करणारं यान!

ही १९६३ सालची गोष्ट. ब्रिटनमध्ये बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू होणार होती. तिचा नायक ‘डॉक्टर’ टार्डिस नावाच्या निळ्या खोक्यात बसून वाटेल त्या काळात, वाटेल त्या ग्रहावर जातो. किल्ली ओढणारा तो माणूस म्हणजे ब्रायन हॉजसन. त्यांनी किल्लीची ती खरखर टेपवर घेतली, तिचा वेग बदलला, तिला घुमारा चढवला आणि टार्डिसला आवाज मिळाला.

मालिकेचे चाहते तर असे वेडे, की १९८४ मध्ये काही हौशी तरुणांनी डॉक्टरच्या नव्या गोष्टी लिहून स्वतःच श्रुतिका, म्हणजे नुसती ऐकायची नाटकं, बनवायला सुरुवात केली. ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ हे त्यांचं नाव. कॅसेटी चाहत्यांपर्यंत पोचायच्या. नफा कमवायचा नव्हताच. बहुतेक श्रुतिकांमध्ये डॉक्टर व्हायचा निकोलस ब्रिग्ज. मला त्यांची युक्ती फार आवडते. टीव्हीवर परग्रह दाखवायचा तर सेट हवा, पोशाख हवेत, ढीगभर पैसे हवेत. श्रुतिकेत मात्र दार सरकल्याचा ‘स्स्सप्’ आवाज आला, की तुम्ही यानात शिरलातच!

डॉक्टरचे कट्टर शत्रू म्हणजे डालेक. लोखंडी कवचात बसलेले, चिरक्या, थरथरत्या आवाजात ओरडणारे. तसं ओरडायला रिंग मॉड्युलेटर नावाचं यंत्र लागतं. ते काय करतं बघा हं. आपल्या आवाजात सेकंदाला २००, ४००, ६०० अशी पटीतली कंपनं एकत्र असतात. यंत्र त्यांचा ३० कंपनांच्या सुराशी गुणाकार करतं. मग २०० गायब होतात आणि त्यांच्या जागी येतात १७० आणि २३०. ४०० चे होतात ३७० आणि ४३०. पट मोडली! म्हणून तो आवाज माणसाचा न वाटता यंत्राचा वाटतो. टेबलफॅनसमोर जरा लांब बसून ‘आऽऽऽ’ म्हणा. पाती तुमचा आवाज चिरतात ना? ही थरथर डालेकांच्या आवाजाच्याच जवळची. (बोटं मात्र जाळीपासून दूर!)

श्रुतिका बनवणाऱ्या त्या चाहत्यांचं पुढे काय झालं, हे तर ऐकाच. १९९९ पासून ‘बिग फिनिश’ ही संस्था रीतसर परवानगी घेऊन डॉक्टरच्या श्रुतिका काढू लागली आणि त्यात यांतलीच काही मंडळी होती. डालेकांवरची त्यांची जुनी हौशी श्रुतिका ‘द म्यूटंट फेज’ २००० साली नव्याने झाली, तेव्हा डॉक्टर झाले पीटर डेव्हिसन, म्हणजे टीव्हीवरचा खराखुरा डॉक्टर! आणि मध्यंतरी बंद पडलेली मालिका २००५ मध्ये टीव्हीवर परतली, तेव्हा डालेकांचा आवाज काढायला बीबीसीने कोणाला बोलावलं? निकोलस ब्रिग्ज यांना!