सायकलची वाट कोणी आखावी?

नाहूर स्थानकाच्या एका बाजूचा दूधवाला सायकलने दुसऱ्या बाजूस जावयास निघाला, की त्याची गाठ रुळांशी पडते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तेव्हापासून रूळ तेथे आहेत. स्थानक मात्र २००६ सालचे. पूर्वेस द्रुतगती महामार्ग, पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्ग आणि मध्ये रेल्वे, अशा तीन रेषा उत्तर-दक्षिण गेल्या आहेत. म्हणजे त्याची अडचण लांब वाटेची नसून आडव्या वाटेची आहे. नकाशावर ती सहसा दिसत नाही. सायकल उचलून पुलाच्या पायऱ्या चढणाऱ्यास ती रोज जाणवते. सायकलमार्ग आखताना लोकांना का विचारावे, याचे पहिले उत्तर आम्हांस येथेच मिळते.

सायकलमार्गांचे जाळे म्हणजे एखादा लांबच लांब रंगवलेला पट्टा नव्हे. जाळ्यात दोऱ्यांइतक्याच गाठी महत्त्वाच्या. हॉलंडमधील डेल्फ्ट शहराने १९८० च्या दशकात तीन प्रकारच्या वाटा एकमेकींत गुंफल्या: सुमारे ५०० मीटर अंतराने शहरभर जाणाऱ्या मुख्य वाटा, त्यांना जोडणाऱ्या विभागातील वाटा आणि दारापर्यंत नेणाऱ्या गल्ल्या. तुटलेल्या जागा पूल आणि भुयारी वाटांनी जोडल्या. एक गाठ सुटली तर मैलभर उत्तम रस्ताही वाया जातो.

आता आपल्याकडे पाहू. तानसाच्या जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंस १० मीटरचा पट्टा मोकळा करावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली दिला. हेतू पाण्याच्या सुरक्षिततेचा होता. पुढे याच पट्ट्यावर, मुलुंडकडून शहराकडे जाणाऱ्या ३९ किलोमीटरच्या सायकलमार्गाची योजना महापालिकेने आखली. ‘हरित वारी जलतीरी’ हे तिचे नाव. पट्ट्यातील झोपड्या उठल्या आणि अनेक कुटुंबांस माहुल येथे घरे देण्यात आली. तेथील प्रदूषण पाहता कोणावरही तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे २०१९ साली न्यायालयाला सांगावे लागले. मोकळी जागा मिळाली म्हणून मार्ग काढणे सोपे असते. पण तो कोणाच्या घरापासून कोणाच्या कामापर्यंत जातो, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

शेजारच्या पवईचा अनुभवही बोलका आहे. तलावाच्या काठाने सायकलमार्गाचे काम सुरू झाले, नागरिक न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम झाला. हरकत तर आलीच; परंतु भराव पडल्यावर आली. तीच कागदावर रेघ ओढण्यापूर्वी ऐकली असती, तर पैसा आणि तलाव दोन्ही वाचले असते.

यावर कोणी म्हणेल, हे तज्ज्ञांचे काम. त्यात सामान्यांनी का पडावे? आमचे म्हणणे असे, की रुंदी, चढ, वळण आणि फरसबंदी ही इंजिनीअरने ठरवावी. पण वाट कोठून कोठे आणि कोणासाठी, हे जाणाऱ्याने सांगावे. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात आहेच. ती पोकळ नाही. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि तो नव्याने करावा लागला.

मात्र वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात नोटीस छापली म्हणजे लोकांना विचारले, असे होत नाही. पहाटे दूध घालून दुपारी झोपणारा माणूस अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात कसा येणार? त्याच्याकडे जावे लागेल. डेअरीवर, पाववाल्याच्या बेकरीत, कारखान्याच्या फाटकाशी, शाळा सुटतानाच्या गर्दीत. प्रश्न तीनच पुरेत: कोठून कोठे जाता? कोठे उतरून सायकल ढकलावी लागते? आणि सायकल लावता कोठे? मग कोणती सूचना घेतली, कोणती टाकली आणि का, हे त्याच वस्तीत फलकावर लावावे. उत्तर मिळाले, तरच माणूस दुसऱ्यांदा बोलावयास येतो.

आपणही एक करू शकतो. रोज सायकलवर दारी येणाऱ्या माणसास हे तीन प्रश्न आजच विचारावेत, आणि त्याची उत्तरे लिहून ठेवावीत. आराखडा येईल, तेव्हा आपली सूचना तयार असेल.