नकाशावरील जाळी आणि शेताचा पत्ता

गट नंबर हा शेताचा सरकारदरबारचा पत्ता होय. तो सातबाऱ्यावर असतो आणि गावनकाशावर सापडतो. परंतु रात्री मळ्यात कोणास सर्पदंश झाला व तालुक्याहून गाडी बोलवावयाची असली, तर गट नंबरावरून गाडीवाल्यास वाट सापडत नाही. पांदीच्या पुढे, ओढ्यापलीकडे, आंब्याखाली, हा पत्ता गावकऱ्याच्याच उपयोगाचा. परक्यास बिनचूक सांगता येईल असा पत्ता नकाशावरील जाळी देते. तो वाचण्याची रीत प्रत्येक खातेदाराने शिकून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

ही जाळी समजण्यास कठीण नाही. कापूस चौफुलीवर लावताना शेतात उभ्याआडव्या काकऱ्या पाडतात व त्या जेथे छेदतात तेथे सरकी टोकतात. नकाशावरही तशाच उभ्या व आडव्या रेघा असतात. ५०,००० पटीच्या नकाशावर दोन रेघांमधील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. प्रत्येक रेघेस अंक दिलेला असतो. उभ्या रेघांचे अंक पूर्वेकडे व आडव्या रेघांचे उत्तरेकडे वाढत जातात.

कोणत्याही चौकोनास त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून, म्हणजे डावीकडील खालच्या कोपऱ्यावरून, नाव मिळते. आधी उभ्या रेघेचा अंक घ्यावा, मागून आडव्या रेघेचा. समजा, त्या कोपऱ्यातील उभी रेघ ४१ व आडवी ५७ आहे. तर चौकोन ४१५७ झाला. एवढ्याने १०० हेक्टरांचा, म्हणजे सुमारे २४७ एकरांचा, टापू निश्चित होतो. आता चौकोनाच्या प्रत्येक बाजूचे मनाने दहा भाग करावे. विहीर ४१ च्या रेघेपासून पूर्वेस चार भाग व ५७ च्या रेघेपासून उत्तरेस सहा भाग असेल, तर तिचा संदर्भ ४१४५७६ होईल. शंकूसाखळीच्या मोजणीत ३३ फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्याचप्रमाणे ह्या सहा अंकांनी दाखविलेला १०० मीटरांचा चौरस म्हणजे बरोबर एक हेक्टर.

अंकांचा क्रम मात्र चुकता कामा नये. ४१५७ च्या जागी ५७४१ सांगितल्यास माणूस १६ किलोमीटर पूर्वेस व १६ किलोमीटर दक्षिणेस, भलत्याच शिवारात, जाऊन पोहोचेल. शिवाय हेच अंक दर १०० किलोमीटरांनी पुन्हा येतात. म्हणून त्यांबरोबर नकाशाचा क्रमांकही सांगावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत पुणे शहराचा मध्यभाग ४७ एफ/१४ ह्या नकाशावर येतो. त्यातील ४७ हा चार अंशांचा चौरस, एफ हा त्यातील एक अंशाचा भाग आणि १४ हा त्याचा सोळावा हिस्सा. राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ साली आले. त्यानंतरच्या खुल्या मालिकेचे क्रमांक निराळे आहेत व तिची मोजणीही नव्या आधारावर आहे. जुन्या नकाशावरील अंक नव्यावर जसेच्या तसे लावू नयेत.

हल्ली खिशातील फोनही ठिकाण सांगतो. परंतु तो बहुधा अक्षांश आधी व रेखांश मागून देतो, म्हणजे उत्तर आधी, पूर्व मागून. जाळीच्या उलट हा क्रम आहे. आपल्या राज्यापुरती सोपी खूण अशी की, लहान आकडा तो अक्षांश व सत्तरीच्या पुढचा तो रेखांश. दशांश चिन्हापुढे चार अंक लिहिल्यास ठिकाण सुमारे ११ मीटरांच्या आत येते.

येथेच एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. साखळी दहा मीटरांची आणि फोनची चूक कित्येकदा पाचदहा मीटरांची! तेव्हा अशा अंकांच्या भरवशावर बांध फोडणे किंवा हद्दीचा दगड हलविणे म्हणजे भाऊबंदकीस आमंत्रण होय. हद्दीचा निकाल भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीनेच लावून घ्यावा. जाळीचे अंक शेत कोठे आहे एवढेच सांगतात. ते कोणाचे व कोठवर आहे, हे सांगत नाहीत.

ही मर्यादा ओळखून प्रत्येक सभासदाने आपल्या घराचे, विहिरीचे व शेतात शिरण्याच्या वाटेचे अंक काढावे, ते सातबाऱ्याच्या बस्त्यात एका कागदावर लिहून ठेवावे, आणि घरातील बायकामुलांसही वाचावयास शिकवावे. अडचणीच्या वेळी कर्ता पुरुष घरी असेलच, असे नाही.