वितळलेल्या लोखंडातील नायट्रोजन आणि आर्गॉनचे बुडबुडे

बेसेमर पद्धतीत वितळलेल्या लोखंडातून हवाच फुंकली जात असल्यामुळे तयार होणाऱ्या पोलादात नायट्रोजन शिरत असे. असे पोलाद कालांतराने कठीण व ठिसूळ होई आणि दाबून आकार द्यावयाच्या पत्र्यास निरुपयोगी ठरे. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे शुद्ध प्राणवायूची पद्धत सुरू झाल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. तथापि उरलेला नायट्रोजन काढावा कसा, हा प्रश्न राहतोच.

नायट्रोजन लोखंडात रेणूंच्या नव्हे, तर सुट्या अणूंच्या रूपाने विरघळतो. म्हणून त्याची विद्राव्यता वायूच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. हाच सीव्हर्ट्सचा नियम होय. १६०० अंश सेल्सिअसला एक वातावरण दाबाखाली ती सुमारे ०.०४५ टक्के भरते. आर्गॉन मात्र लोखंडात विरघळत नाही. पात्राच्या तळातील सच्छिद्र विटेतून सोडलेल्या आर्गॉनच्या बुडबुड्यात आरंभी नायट्रोजनचा दाब शून्य असतो. साहजिकच बुडबुड्याच्या पृष्ठभागाशी आलेले नायट्रोजनचे अणू जोडीजोडीने रेणू बनून आत शिरतात व बुडबुड्याबरोबर निघून जातात.

परंतु ह्याच नियमात अडचणही दडलेली आहे. लोखंडात ०.००४ टक्के नायट्रोजन असता त्याचा समतोल दाब केवळ ०.००८ वातावरण येतो. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा बुडबुडा एक टक्काही नायट्रोजन नेऊ शकत नाही. प्रमाण निम्मे झाले की ही मर्यादा एकचतुर्थांश होते. एक टन धातूतील प्रमाण ०.००४ वरून ०.००३ टक्क्यांवर आणण्यास आदर्श स्थितीतही सुमारे १.३५ घनमीटर आर्गॉन लागेल, ०.००२ वरून ०.००१ वर आणण्यास सुमारे ८ घनमीटर. दोन्ही वेळी निघणारा नायट्रोजन मात्र १० ग्रॅमच!

प्रत्यक्षात वेग आणखी मंदावतो. प्राणवायू व गंधक ह्यांचे अणू धातूच्या पृष्ठभागावर जागा अडवून बसतात व नायट्रोजनच्या अणूंना जोडी जमविण्यास वाव उरत नाही. शिवाय आर्गॉन जोराने सोडल्यास वरचा मळीचा थर फाटतो आणि उघड्या पडलेल्या धातूत हवेतील नायट्रोजन पुन्हा शिरतो.

ह्यावरून क्रम ठरतो: प्रथम ॲल्युमिनियमसारख्या द्रव्याने प्राणवायू काढावा, नंतर गंधक घटवावे, आणि मग निर्वातात आर्गॉन सोडावा. दाब घटल्याने तोच आर्गॉन फुगून अधिक नायट्रोजन वाहून नेतो. आर्गॉनचे यश त्याच्या विपुलतेपेक्षा ह्या पूर्वतयारीवरच अधिक अवलंबून असते.