सर्वांचे महाविद्यालय, देखभाल कोणाची?

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस घेऊन आलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण हा या सप्ताहाचा हेतू. त्यानिमित्त राजधानीत संदेश प्रसृत होतात, प्रात्यक्षिके होतात. मात्र देशभरातील अग्निशमन अधिकारी जेथे घडतात, त्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची आठवण गृह मंत्रालयाच्या पलीकडे फारशी कोणाला होत नाही.

हे महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आले. सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर या अग्निशमन सेवेच्या पायऱ्यांचे अभ्यासक्रम येथे चालतात. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या दलांतील अधिकारी येथे एकाच मैदानावर शिकतात. संस्था मालकीने मात्र पूर्णपणे केंद्रीय गृह मंत्रालयाची आहे.

गुंतागुंत इथेच सुरू होते. अग्निशमन हा विषय केंद्राचा नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तो बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कार्यसूचीत घातला. प्रत्यक्षात व्यवस्था राज्यागणिक निराळी. महाराष्ट्रात बंब महापालिका आणि नगरपरिषदांचे, दिल्लीत दिल्ली सरकारचे, तर अनेक राज्यांत स्वतंत्र राज्यस्तरीय दल. केंद्र सल्ला देऊ शकते, पैसा देऊ शकते, कायद्याचा नमुना पाठवू शकते. असा आदर्श विधेयकाचा मसुदा २०१९ मध्ये राज्यांना पाठविण्यातही आला. सक्ती मात्र करू शकत नाही. परिणामी महाविद्यालयाचा वापर करणारे एक आणि त्याचा खर्च सोसणारे दुसरे, अशी विभागणी झाली. राज्ये उमेदवार पाठवितात. संस्थेतील यंत्रसामग्रीला किती वर्षे झाली, याची विचारणा करण्याचे त्यांना कारणच उरत नाही.

प्रशिक्षण संस्था म्हणजे वर्गखोल्या आणि वसतिगृह, असा समज दिल्लीतल्या फायलींमध्ये घट्ट रुतलेला आहे. अग्निशमनाच्या बाबतीत तो सर्वस्वी चुकीचा आहे. येथे शिकविण्यासाठी खरी आग लावावी लागते. ज्या इमारतीत ती पुनःपुन्हा लावली जाते, त्या इमारतीचे काँक्रीट प्रत्येक वेळी तापते, निवते आणि हळूहळू त्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून आतल्या भिंतींना उष्णतारोधक अस्तर द्यावे लागते आणि ते झिजले की बदलावे लागते. धुराच्या बोळकांडीत उतरणाऱ्या प्रशिक्षणार्थीच्या पाठीवरील श्वसनसंचाचा सिलिंडर ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासावाच लागतो. कॉम्प्रेसरमधून त्यात भरली जाणारी हवा शुद्ध आहे की नाही, हेही वेळोवेळी पाहावे लागते. पंपांची सीले, होजच्या जोडण्या, शिडीचे दोर, आगीपासून रक्षण करणारे पोशाख, या साऱ्यांचे आयुष्य मोजके असते. यांपैकी कशाचेही उद्‌घाटन होत नाही आणि कोणत्याही मंत्र्याला फीत कापण्यासाठी गास्केट दाखविता येत नाही. पण धुराने भरलेल्या खोलीत मुखवट्याचा झडप-पडदा दगा देऊ लागला, तर प्रशिक्षणार्थीचा जीव धोक्यात येतो. तेवढे टाळायचे, म्हणून आगीचा धडा खडूने फळ्यावर उरकला जाऊ लागला, तर तोच धोका पुढे एखाद्या शहरातील रहिवाशांच्या वाट्याला येतो.

अर्थसंकल्पाची भाषा या गरजांना प्रतिकूल आहे. अनेक दशके योजना आणि योजनेतर अशा दोन कप्प्यांत खर्चाची विभागणी होती. नवी इमारत योजनेत, तिची डागडुजी योजनेतर. काटकसरीचा आदेश निघाला की कात्री प्रथम योजनेतर कप्प्यावर चाले. २०१७-१८ पासून ही विभागणी कागदोपत्री रद्द झाली. भांडवली खर्च प्रशंसनीय आणि महसुली खर्च संशयास्पद, ही वृत्ती मात्र टिकून आहे. अग्निशमन संस्थेत अस्तर बदलण्याचा खर्च महसुली ठरतो.

सामाईक मालकीचा प्रयोग देशात झालाच नाही, असे नाही. मेघालयात उमियमजवळ उमसॉ येथील ईशान्य पोलीस अकादमी १९७८ मध्ये ईशान्य परिषदेच्या छत्राखाली उभी राहिली. लहान राज्यांनी प्रत्येकी पूर्ण अकादमी उभारण्याऐवजी एकत्र यावे, ही कल्पना रास्त होती. तिच्या पाठीशी परिषदेच्या रूपाने एक कायदेशीर मंचही होता. तरीही २००७ मध्ये ही अकादमी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे सोपविण्यात आली. राज्यांनी एकत्र येऊन उभारलेली संस्थाही अखेर गृह मंत्रालयाच्या दारी येते, ही बाब नव्या सामाईक संस्थांचे प्रस्ताव मांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पैसा अजिबात आला नाही, असे म्हणता येणार नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. त्यातील ५०० कोटी कायदेशीर आणि पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवण्यात आले. राज्यांनी २५ टक्के, तर ईशान्येतील आणि डोंगराळ राज्यांनी १० टक्के वाटा उचलावा, अशी अट होती. नवी केंद्रे, नवी उपकरणे आणि राज्यांच्या प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण, असा तिचा रोख. योजनेची आखणी २०२५-२६ पर्यंतची होती. या पैशातून घेतलेल्या यंत्रांची पहिली मोठी दुरुस्ती बहुतेक ठिकाणी त्यानंतरच निघणार. तेव्हा तो भार राज्याच्या, किंवा महाराष्ट्रासारख्या ठिकाणी एखाद्या नगरपरिषदेच्या तिजोरीवर पडेल.

भंडाऱ्याचे उदाहरण येथे टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० अर्भके दगावली. नागपूर तेथून साधारण ६० किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय महाविद्यालय शेजारी असले म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला असणाऱ्यांपर्यंत प्रशिक्षण आपोआप झिरपत नाही. नागपुरात तयार झालेला अधिकारी राज्याच्या केंद्रात शिकवील, तेथून बाहेर पडलेला जवान शहराच्या आणि रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना धडे देईल, अशी ती साखळी आहे. मधली कडी, म्हणजे राज्याचे केंद्र, दुर्बल राहिली तर नागपूरच्या सुसज्जतेचा लाभ नागपुरातच थांबतो.

त्या कडीत सर्वांत कमकुवत असतो तो प्रशिक्षक. सरकारी सेवेत प्रशिक्षण संस्थेतील नेमणूक ही अडगळ मानली जाते, हे दिल्लीतील कोणताही मराठी अधिकारी चहाच्या वेळी मान्य करील. समाजशास्त्रज्ञ डॉ. माधव गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीचा अहवाल १९७३ मध्ये आला; तेव्हापासून हा विषय फायलींतून फिरतो आहे. सातव्या वेतन आयोगाने राष्ट्रीय दर्जाच्या केंद्रीय संस्थांतील प्रशिक्षकांना मूळ वेतनाच्या २४ टक्के आणि इतर केंद्रीय संस्थांत १२ टक्के भत्त्याची शिफारस केली. ती केंद्रीय नोकरदारांपुरती. महापालिकेच्या दलातला अनुभवी स्टेशन ऑफिसर घरदार सोडून दोन वर्षे शिकवायला का जाईल, याचे उत्तर त्या टक्केवारीत नाही.

गृह मंत्रालयापुढे मार्ग अगदीच बंद नाहीत. महाविद्यालयाच्या कारभारात राज्यांच्या अग्निशमन संचालकांना प्रत्यक्ष मताधिकार देता येईल. राज्याने पाठविलेल्या प्रशिक्षणार्थींच्या संख्येनुसार एक छोटी रक्कम देखभाल निधीत जमा करण्याची अट घालता येईल, आणि तो निधी इतरत्र वळविता येणार नाही, अशी तरतूद करता येईल. राज्ये कुरकुर करतील, वित्त विभाग हरकत घेईल. पण पैसे मोजलेल्या राज्याचा संचालक निदान सिलिंडरवर कोरलेली पुढील तपासणीची तारीख वाचून पाहील.