इग्वानाची जोडी घेताय? आधी नर कोणता ते विचारा



मागच्या आठवड्यात अंबड तालुक्यातला एक तरुण दुकानात आला. मोसंबीचे पैसे नुकतेच हातात आले होते. म्हणाला, "सर, इग्वानाची जोडी घेतोय. मादी चाळीस अंडी देते. चाळीस पिल्लं विकली की पैसे वसूल." मोबाईलवर विक्रेत्याने पाठवलेला फोटो होता, हिरवीगार दोन पिल्लं. मी विचारलं, यातला नर कोणता? तो फोटोच बघत बसला.

सगळं गणित इथंच अडकतं. हिरव्या इग्वानाच्या पिल्लांमध्ये नर-मादी नुसतं बघून ओळखू येत नाही. वयात यायला दोन ते चार वर्षं लागतात. "जोडी" म्हणून घेतलेले दोन्ही नर निघाले, तर ते तुम्हाला कळणार एकमेकांना चावायला लागल्यावर. तोपर्यंत पिंजरा, दिवे, खाणं सगळं चालू. अंड्यांचा आकडा मात्र खोटा नाही; मादी एका वेळी २० ते ७० अंडी घालते. पण ती ३० अंशांच्या आसपास साधारण तीन महिने उबवावी लागतात. आपल्याकडे लाईट कधी जाते हे मी सांगायला नको. इन्व्हर्टर धरलाय का खर्चात?

खाण्याचं त्यामानाने सोपं आहे. प्राणी शाकाहारी, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, दुधी, पपई चालते. ऊनही आपल्याकडे फुकट, पण काचेतून आलेलं नाही. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते, म्हणून जाळीचा पिंजरा हवा. अडचण आहे ती पाण्याची. हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला जीव, आणि आपला मे महिना म्हणजे चाळिशीच्या वरचा कोरडा फुफाटा. टँकरच्या दिवसांत रोज फवारणी कोण करणार?

आता कागद. "परदेशी प्राणी आहे, त्याला कायदा नाही" असं विक्रेते बिनधास्त सांगतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. इग्वाना साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने आता आपल्या कायद्याच्या अनुसूची चारमध्ये येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते: प्राणी ताब्यात असल्याची, दुसऱ्याला दिल्याची, पिल्लं झाल्याची, मेल्याचीसुद्धा. विक्रेत्याकडेच नोंद नसेल तर ती तुमच्या नावावर होणार कशी? शिवाय दुकान टाकून विकायचं तर पेट शॉप नियम २०१८ खाली राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी वेगळी.

आणि एक, घोरपडीचा विचार मनातही आणू नका. ती अनुसूची एकमध्ये आहे, तीन ते सात वर्षं आत.

त्या तरुणाचा मामा वेल्डर आहे. मी म्हटलं, जालन्यात लोखंडाला काय तोटा? पक्षी, ससे, इग्वाना पाळणाऱ्या सगळ्यांना चांगले जाळीचे पिंजरे लागतात. पाच बनव, विकून बघ. गिऱ्हाईक कोण आहे, किती आहेत, हे त्यातूनच कळेल. त्याला ते फारसं पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं.

परवा त्याचा फोन आला. विक्रेत्याला त्याने नोंदणीचा कागद मागितला होता. उत्तर आलं, "आधी अ‍ॅडव्हान्स टाका, कागद नंतर करून देतो." पैसे अजून त्याच्याच खात्यात आहेत.