वाकड्या वाटेवरचं सरळ पोलाद

रूट कॅनॉल करायला शिकणारे दंतवैद्यकाचे विद्यार्थी आधी काढून टाकलेल्या दातांवर हात बसवतात आणि मग रुग्णाकडे वळतात. देश कुठलाही असो, त्यांच्या चुका मात्र त्याच. मुळातल्या नलिकेच्या भिंतीत पायरी पडते, मुळाला भलतीकडेच भोक पडतं, नलिका खरवडायची फाइल आत तुटते, भराव टोकाच्या अलीकडे थांबतो किंवा पलीकडे जातो. इतक्या वेगवेगळ्या हातांकडून नेमक्या याच चुका का व्हाव्यात? कारण बरंचसं हातात नाही, धातूत आणि भूमितीत आहे.

दाताची नलिका आपण समजतो तशी सरळसोट नसतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या हजारो दातांत रबर भरलं, ते घट्ट केलं आणि दात आम्लात विरघळवून टाकले. मागे उरले नलिकांचे साचे: फाटे फुटलेले, पुन्हा जुळलेले, टोकाशी वळलेले. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडील मुळात बहुतेकदा दुसरी नलिका दडलेली असते. ती हुकणं ही विद्यार्थ्यांचीच नव्हे, मुरलेल्या डॉक्टरांचीही नेहमीची चूक.

अशा वाटेवर उतरते पोलादाची बारीक फाइल. १० क्रमांकाच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटर, १५ क्रमांकाचं ०.१५. फरक केसाच्या जाडीएवढाही नाही. पण गोल तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो! जाडी दीडपट झाली की टोकाशी ताठपणा पाचपट होतो. २५ क्रमांकावर पोहोचेपर्यंत तो ३९ पट झालेला असतो. लवचीक फाइल वळणासोबत वळते, ताठ फाइल सरळ व्हायला बघते. टोकाकडे ती वळणाची बाहेरची भिंत खरवडते आणि तिथे पायरी पडते, हीच ‘लेज’. पुढची प्रत्येक फाइल त्याच पायरीवर अडते. विद्यार्थ्यानं जोर लावला की नवीच वाट तयार होते आणि मुळाला भोक पडतं. एखादा क्रमांक गाळून घाई केली, नलिका पुरेशी धुतली नाही, की दाताचा भुसा टोकाशी दाबून बसतो आणि हे सगळं आणखी लवकर घडतं.

बरं, हे सगळं दिसत नाही. एक्स-रे सपाट असतो, त्यामुळे गालाच्या किंवा जिभेच्या दिशेनं गेलेलं वळण त्यात सरळ भासतं. मग नलिका संपली हे कळायचं कसं? १९६२ साली जपानच्या सुनादा यांनी दाखवलं, की मुळाच्या टोकापर्यंत पोहोचलेली फाइल आणि तोंडातलं अस्तर यांच्यातला विद्युत रोध माणूस कोणताही असो, साधारण ६.५ किलो-ओहम भरतो. खोली मोजणारी ‘अॅपेक्स लोकेटर’ यंत्रं याच कल्पनेतून वाढली.

ताठपणावरही उतारा निघाला. १९८८ साली हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करण्यासाठी वापरायच्या निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून फाइल बनवून पाहिली. हा मिश्रधातू कितीतरी अधिक वाकून पुन्हा मूळ आकारात येतो. वळणावर नलिका बिघडणं त्यामुळे कमी झालं. मात्र वळणात फिरताना धातूची एक बाजू दर फेरीला ताणली जाते, दुसरी दाबली जाते. थकलेली फाइल मग कसलीही पूर्वसूचना न देता तुटू शकते. म्हणजे एक चूक कमी झाली, तर दुसरीची शक्यता आली.

म्हणूनच शिक्षक मुलांना सांगतात ते साधंच असतं: जोर लावू नका, क्रमांक गाळू नका, प्रत्येक फाइलनंतर नलिका धुवा, बारीक फाइल पुन्हा टोकापर्यंत नेऊन वाट मोकळी ठेवा. तुमच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, की शेवटचा एक्स-रे दाखवायला सांगा. भरावाची पांढरी रेघ सलग असावी आणि मुळाच्या टोकाआधी दोन मिलिमीटरच्या आत थांबावी. नसेल, तर डॉक्टरांना कारण विचारायला संकोच करू नका.