सोबतीची शर्यत आणि पहिली मॅरेथॉन

मॅरेथॉन म्हटले की ४२.१९५ किलोमीटरचे अंतर डोळ्यांपुढे उभे राहते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेलेले हे अंतर १९२१ मध्ये अधिकृत ठरले. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि खेळाडूंपुरता मर्यादित असलेला हा शब्द हळूहळू कार्यालयांच्या उपाहारगृहांत, सोसायट्यांच्या आवारांत आणि बँकांच्या शाखांतही ऐकू येऊ लागला. चाळिशी गाठलेली, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीवर बसणारी माणसे पहाटे बूट बांधून रस्त्यावर दिसू लागली.

पहिल्या मॅरेथॉनची तयारी साधारणपणे सोळा ते वीस आठवड्यांची असते. या काळात हमखास एक प्रसंग येतो. मित्रमंडळी किंवा सहकारी एखाद्या जवळच्या शर्यतीत एकत्र धावण्याचा घाट घालतात. वेळापत्रकात त्या रविवारी दुसरेच काही लिहिलेले असते. नाही म्हणावे तर मन मोडते आणि हो म्हणावे तर तयारीची घडी विस्कटण्याची भीती वाटते. ठाण्यातील एका बँक शाखेच्या रोखपाल महिलेपुढे २०२३ च्या हिवाळ्यात नेमका हाच पेच उभा राहिला होता.

निवृत्तीपूर्वीचा आग्रह

बेचाळीस वर्षांच्या या रोखपालबाईंनी जानेवारी २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदविले होते. त्यांना चालण्याची आणि पुढे धावण्याची गोडी लावली ती त्यांच्याच शाखेतील दफ्तरींनी. तीन वर्षांपूर्वी, पाठदुखीने त्रासलेल्या बाईंना त्यांनी सकाळी तलावपाळीवर फेऱ्या मारायला बोलावले. फेऱ्यांचे धावणे झाले, तलावपाळीवरून मोर्चा उपवन तलावाकडे आणि तेथून येऊरच्या चढाकडे वळला. शाखेतील आणखी तिघे त्यांत सामील झाले.

हे दफ्तरीकाका ३१ डिसेंबरला निवृत्त होणार होते. त्याआधी शाखेतल्या पाचही जणांनी वसई-विरारची अर्धमॅरेथॉन एकत्र धावावी, अशी त्यांची इच्छा होती. “मॅडम, पुढच्या वर्षी मी गावाला असेन. या वर्षी सगळे मिळून एकदा धावू या,” एवढेच ते म्हणाले. मुंबई मॅरेथॉनला तेव्हा जेमतेम सहा आठवडे उरणार होते आणि काकांची गती बाईंच्या गतीपेक्षा किलोमीटरमागे एक मिनिटाने कमी होती.

परीक्षा की सोबत?

अशा वेळी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावयाचा असतो. ही शर्यत आपल्याला कशासाठी हवी आहे? तयारीच्या काळातील शर्यतीचे दोन उपयोग संभवतात. पहिला उपयोग परीक्षेचा. पूर्ण ताकदीने धावून आपली तयारी कुठवर आली आहे, हे त्यातून जोखता येते. पीट रिगेल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अर्धमॅरेथॉनच्या वेळेला सुमारे २.०८ ने गुणले असता पूर्ण मॅरेथॉनच्या वेळेचा अंदाज मिळतो. सव्वादोन तासांत अर्धे अंतर धावणाऱ्यास पूर्ण अंतरास अंदाजे चार तास एकेचाळीस मिनिटे लागावीत. अर्थात, लांब पल्ल्याचा सराव पुरेसा झालेला असेल तरच हा हिशेब जुळतो. नवख्या धावपटूस बहुधा त्याहून अधिक वेळ लागतो.

दुसरा उपयोग सोबतीचा. गप्पा मारीत, एकमेकांची गती सांभाळीत, रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजविणाऱ्या मुलांना हात देत धावण्याचा. दोन्ही उपयोग योग्यच आहेत. मात्र एकाच शर्यतीकडून दोन्ही मागितले की फसगत होते. बरोबर निघालेल्या मंडळींपैकी एखाद्याला पाचव्या किलोमीटरवर हुरूप येतो आणि तो पुढे सटकतो. मग परीक्षा धड होत नाही, कारण सुरुवातीचा वेळ गेलेला असतो आणि सोबतही धड होत नाही, कारण मागे राहिलेल्याचे मन खट्टू झालेले असते.

पूर्ण ताकदीने धावलेल्या शर्यतीची किंमतही मोजावी लागते. शर्यतीत जितके मैल धावले तितके दिवस पुढे कठीण सराव करू नये, असा धावपटूंमधील एक जुना ठोकताळा आहे. अर्धमॅरेथॉन म्हणजे सुमारे तेरा मैल. म्हणजेच जवळजवळ दोन आठवडे हलक्या सरावात जाणार. मुख्य शर्यतीस सहाच आठवडे उरले असताना हे दोन आठवडे नेमके सर्वांत लांब धावांच्या वाट्याचे असतात. मुदत ठेव मोडून तात्पुरती हौस भागविण्यासारखाच हा व्यवहार होय.

मिनिटांचा हिशेब

रोखपालबाईंनी आकडे कागदावर मांडले. त्यांच्या वेळापत्रकात दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंतर थोडे कमी करून शरीराला विसावा देण्याची सोय होती. शर्यतीच्या आदल्या रविवारी २८ किलोमीटर, त्या रविवारी विसाव्याचे २४ आणि पुढच्या रविवारी ३० किलोमीटर, असा क्रम होता. विसाव्याचा आठवडा आणि काकांची शर्यत एकाच दिवशी येत होती, हे सुदैव. तसे नसते तर आठवड्यांची अदलाबदल करून ते जुळवून आणता आले असते.

प्रश्न उरला तीन किलोमीटरच्या तुटीचा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लांब पल्ल्याच्या धावेत स्नायूंना, सांध्यांना आणि मनाला सवय लावावयाची असते ती दीर्घकाळ पायांवर राहण्याची. म्हणून अंतराइतकाच वेळही महत्त्वाचा. बाई त्यांच्या सरावाच्या गतीने, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटे घेत, २४ किलोमीटर धावल्या असत्या तर तीन तास लागले असते. काकांच्या साडेआठ मिनिटांच्या गतीने २१.१ किलोमीटरला लागणार होते तेही जवळपास तीनच तास! वेळापत्रकाला धक्का न लावता शर्यत त्यात चपखल बसत होती.

जेथे अंतराची तूट मोठी असेल, तेथे शर्यतीपूर्वी किंवा नंतर चार-पाच किलोमीटर संथ धावून ती भरून काढता येते. मात्र शर्यत शनिवारी उरकून रविवारी पुन्हा लांब पल्ला धावण्याचा हव्यास नवख्याने टाळावा. सोबतीची शर्यत ही त्या आठवड्याच्या लांब धावेच्या जागी घ्यावयाची, तिच्या जोडीला नव्हे.

रंगीत तालीम

सोबतीच्या शर्यतीचा आणखी एक लाभ म्हणजे मुख्य दिवसाची रंगीत तालीम. त्या दिवशी जे बूट, जे मोजे आणि जो गणवेश वापरावयाचा, तोच येथे वापरून पाहावा. धावण्यापूर्वी काय खाल्ले तर पोट बिघडत नाही, वाटेत खजूर सोसतो की चिक्की, पाणी किती घोट प्यावे, हे सारे घराजवळच्या सरावापेक्षा गर्दीच्या शर्यतीत अधिक स्पष्ट कळते. शरीरातील साठविलेली शर्करा साधारणतः तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते आणि पाय जड होतात. तेव्हा वाटेतील खाण्याची सवय आधीच झालेली असणे हिताचे.

प्रवासाचाही विचार करावा लागतो. ठाणे मध्य रेल्वेवर आणि वसई पश्चिम रेल्वेवर. पाचही जणांनी पहाटे घोडबंदर रस्त्याने एकाच गाडीतून जायचे ठरविले. पहाटे उठावे लागणार म्हणून आदल्या रात्री नऊलाच झोपण्याचा आणि रविवारच्या मेगाब्लॉकमुळे परतीचा भरवसा लोकलवर न ठेवण्याचा निर्णयही तेव्हाच झाला. जागरण आणि दगदग यांचा थकवा पायांनाही जाणवतो, हे अनुभवी धावपटू जाणतात.

दिलेला शब्द

शर्यतीपूर्वी त्या पाच जणांनी आपसांत तीन गोष्टी ठरविल्या. गती काकांची राहील. पाणवाठ्यावर सर्व जण थांबतील. रेषा एकत्र ओलांडतील. वरवर साध्या दिसणाऱ्या या अटी पाळणे सोपे नव्हते. पंधराव्या किलोमीटरवर शेजारून लोक भराभर पुढे जात असताना बाईंचे पाय वळवळू लागले. आपण सव्वादोन तासांत सहज पोहोचलो असतो, हा विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी तेथेच सोडून दिला. अठराव्या किलोमीटरनंतर काका धापा टाकू लागले, तेव्हा पाचही जण दोन मिनिटे चालले आणि पुन्हा धावू लागले. तीन तास चार मिनिटांनी पाच जणांनी एकत्र रेषा ओलांडली.

या संयमाचे फळ पुढच्या रविवारी दिसले. बाईंच्या पायांत थकवा फारसा नव्हता. येऊरच्या पायथ्याशी त्यांनी ३० किलोमीटर पूर्ण केले. तीन आठवडे आधी ३२ किलोमीटर झाले आणि त्यानंतर अंतर टप्प्याटप्प्याने कमी करीत त्या जानेवारीतील आरंभरेषेवर ताज्या पायांनी उभ्या राहिल्या.

मुंबई मॅरेथॉनच्या मार्गावर परतीच्या अखेरच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. पस्तीस किलोमीटर मागे टाकलेल्या धावपटूस तो डोंगरासारखा भासतो. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले रहिवासी संत्र्याच्या फोडी, चिक्की, पाणी पुढे करीत असतात. त्या गर्दीत गावाहून मुद्दाम आलेले दफ्तरीकाका संत्रे सोलून उभे होते. बाई थांबल्या नाहीत. फोड तेवढी घेतली. पाच तास एकवीस मिनिटांनी त्यांनी आपली पहिली मॅरेथॉन पूर्ण केली.

आवर्ती ठेवीचा हप्ता चुकू नये, हे खरेच. पण तो हप्ता कोणाच्या सोबतीने बँकेत भरायला जावे, यावर ठेवीच्या नियमांचे कोणतेही बंधन नसते. पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने वेळापत्रक जरूर जपावे. ते जपत असतानाच, पहाटे आपल्याला प्रथम हाक मारून उठविणाऱ्या माणसासाठी त्यात एक रविवार अवश्य राखून ठेवावा.